लेकरांच्या घरी ऑनलाइन जाताना

मागच्या महिन्यात आमच्या गावातले एक निवृत्त तलाठी घरी आले. म्हणाले, "मलाही तुमच्यासारखं लेकरांसोबत ऑनलाइन बसायचंय. काय काय करावं लागतं ते सांगा." सांगायला बसलो तर दोन तास गेले, चहा दोनदा झाला आणि निम्मं सांगायचं राहूनच गेलं. राहिलेलं त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी लिहून काढतोय.

मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात ३४ वर्षं लाईनमन होतो, २०१८ ला निवृत्त झालो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याची नात आमच्याकडं राहिली आणि तिनं मला स्क्रॅच शिकवलं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर खेळ आणि गोष्टी बनवायचं हे साधन तयार केलं. २००७ पासून ते सगळ्यांसाठी खुलं आहे, पैसे लागत नाहीत. रंगीत ब्लॉक एकाखाली एक जोडत गेलं की पडद्यावरचं चित्र चालतं, बोलतं, उड्या मारतं. प्रामुख्याने ८ ते १६ वयाची लेकरं डोळ्यांसमोर ठेवून ते बनवलंय. पुढं काही शिक्षकांनी औसा-निलंग्याकडच्या लेकरांचा स्क्रॅच शिकायला एक ऑनलाइन गट उभा केला, तेव्हापासून मी त्यात आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी साडेसात ते सव्वाआठ. कागदावर आम्हाला मेंटर म्हणतात. लेकरं काकाच म्हणतात.

आपल्याला विषय कितपत येतो याचा घोर करू नका. मला अजूनही स्क्रॅचमधलं सगळं येत नाही. आठवड्यातला दीड तास मात्र दगडावरच्या रेघेसारखा पाहिजे. लग्न, बारसं, कीर्तन, काहीही असलं तरी त्या वेळेला तुम्ही तिथं असणार, एवढी खात्री स्वतःला वाटत असेल तरच हो म्हणा. लेकरू मोबाईल मागून, भांडून, कोपऱ्यात जागा करून बसतं आणि पलीकडं कोणीच नसतं, हे फार वाईट.

गटात घेण्याआधी मला पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागितलं. शिवाय मला ओळखणाऱ्या दोघांशी ते बोलले. मनाला लागलं. अर्धा तालुका मला नावानं ओळखतो, माझी कसली पडताळणी, असं वाटलं. रात्री पडल्या पडल्या परमिट आठवलं. ११ केव्हीच्या, म्हणजे ११ हजार व्होल्टच्या लाईनवर चढायचं तर सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून लेखी परमिट घ्यावं लागतं. ऑपरेटर सख्खा भाऊ असला तरी घ्यावं लागतं. लाईन बंद झाल्याचं कळलं तरी तारेला अर्थिंग केल्याशिवाय हात लावायचा नाही. माझ्यावर विश्वास नाही म्हणून हे नियम नव्हते, वर खांबावर माणूस असतो म्हणून होते. इथं खांबावर लेकरू आहे. दुसऱ्याच दिवशी जाऊन अर्ज भरला. उलट, जो गट तुमच्याकडं असलं काहीच न मागता तुम्हाला थेट लेकरांशी जोडून देईल, त्या गटात जाऊ नका.

आता घरच्यांचं. आपण ऑनलाइन जातो म्हणजे त्या लेकराच्या घरात जातो. मागं चूल दिसते, आजी माळ ओढताना दिसते, कोणाचं तरी भांडण ऐकू येतं. पाहुणा घरात शिरताना दारात आवाज देतो, तसा आवाज आधी आई-वडिलांना द्यायचा. आमच्या गटात लेकराच्या पहिल्या दिवसाआधी समन्वयक ताई आणि मेंटर दोघं मिळून पालकांना फोन करतात. आम्ही कोण, काय करतो, लेकराची कुठली माहिती ठेवतो, कुठली ठेवत नाही, ते सांगतात आणि त्यांची संमती घेतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बालक मानलंय आणि त्यांची माहिती वापरायला आई-वडिलांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी असं म्हटलंय. कायदा नसता तरी आम्ही हे केलंच असतं.

त्याच फोनवर एक प्रश्न न चुकता विचारा: मोबाईल कोणाचा आहे, आणि तो संध्याकाळी कुठं असतो? आमच्याकडं बहुतेक घरांत चांगला मोबाईल एकच, आणि तो वडलांच्या खिशात. शेतीच्या थ्री फेज लाईटीची पाळी दिवसाची आणि रात्रीची अशी बदलत असते. रात्रीची पाळी असली की बाप दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, शेतात जातो आणि मोबाईल त्याच्यासोबत जातो. बॅटरी म्हणून लागतो, मोटर चालू झाली का हे शेजाऱ्याला विचारायला लागतो. सुरुवातीला एक मुलगी एक आठवडा आड गैरहजर दिसायची. सोबतचे मेंटर म्हणाले, हिला आवड नाही. मी तिच्या गावच्या फीडरची, म्हणजे गावाला वीज देणाऱ्या लाईनची पाळी विचारून घेतली तर गैरहजेरी बरोबर रात्रपाळीच्या आठवड्यावर पडत होती. आता त्या आठवड्यात ती शेजारच्या मैत्रिणीकडं बसते. लेकराला आवड नाही असं म्हणण्याआधी त्याच्या घरची लाईट, पाणी आणि पीक विचारा. सोयाबीनची काढणी चालू असेल तर हजेरी निम्मी होणारच. आणि येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, वर्ग ठेवूच नका. त्या दिवशी लेकरू वावरात भज्जी-आंबील सोडून तुमच्यासमोर बसणार नाही, आणि बसूही नये.

पोरींचा वेळ वेगळा मागावा लागतो. साडेसात म्हणजे भाकरीची वेळ. भाऊ मोबाईल घेऊन बसतो आणि बहीण चुलीकडं. हे गटात सगळ्यांसमोर बोललात तर घरची माणसं दुखावतात आणि पोरगी कायमची बंद होते. मी दोन घरांत आजीशी बोललो. "आजी, पाऊण तास हिच्याजवळ बसता का? ती काय करते ते तुम्हालाही दिसंल." आजी बसायला लागली की त्या पाऊण तासात पोरीला कोणी उठवत नाही.

आजीची आणखी एक बाजू मला प्रशिक्षणात कळली. सुगत मित्रा या संशोधकानं १९९९ मध्ये दिल्लीत कालकाजीला भिंतीत संगणक बसवून वस्तीतल्या लेकरांसाठी मोकळा सोडला होता. पुढं २००९ मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या माणसांना हाक दिली आणि ती माणसं स्काइपवरून इकडच्या लेकरांशी बोलायला लागली. त्यात निवृत्त शिक्षक पुष्कळ होते, म्हणून त्या उपक्रमाचं नावच आज्यांवरून, 'ग्रॅनी क्लाउड' असं पडलं. आजीनं शिकवायचं नाही. मागं उभं राहून कौतुकानं विचारायचं, "हे कसं केलंस रे? मला नसतं बाई जमलं." आपल्या आज्या हे न शिकवता करतात.

गटातलं सगळं बोलणं उघड्यावर झालं पाहिजे. प्रत्येक कॉलवर दोन मोठी माणसं. दुसरा मेंटर आला नसेल तर कॉल सुरू करत नाही, ताईला फोन लावतो. लेकराचा नंबर आपल्या मोबाईलमध्ये ठेवायचा नाही, पालकांचा ठेवायचा. लेकरानं वेगळा निरोप पाठवलाच तर उत्तर गटात द्यायचं आणि ताईला कळवायचं. फेसबुक, इन्स्टाग्रामवर त्यांची मैत्रीची विनंती घ्यायची नाही. स्क्रॅचच्या संकेतस्थळावर खासगी निरोपाची सोयच ठेवलेली नाही, जे लिहायचं ते सगळ्यांना दिसतं. मला ती रचना फार आवडते. खात्याचं नाव घेताना लेकराचं खरं नाव, गाव, शाळा त्यात येऊ देऊ नका, आणि ईमेल आई-वडिलांचा द्या. कॉलचा फोटो काढून आपल्या स्टेटसला लावायचा मोह होतो. लावू नका. पैसे, रिचार्ज, बक्षीस स्वतःहून देऊ नका. द्यावंसं वाटलं तर गटाला सांगा.

आता खरं काम. माझ्या पहिल्याच महिन्यात एक सहावीतला मुलगा ट्रॅक्टरचा खेळ करत होता. ट्रॅक्टर वळेना. त्याच्या गावात शाळेनं दिलेला जुना लॅपटॉप होता, त्यावरून तो पडदा दाखवायचा. मी त्याला म्हटलं, तुझी फाईल पाठव. रात्री बसून सगळं नीट केलं, वरून ट्रॅक्टरला धूरही लावला, आणि सकाळी परत पाठवलं. शुक्रवारी तो आला नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. त्याच्या आईकडून कळलं की तो म्हणतो, "ते काकाचं झालं, माझं न्हाई राहिलं." मी कॉलवर सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली आणि माझी फाईल पुसून टाकली. तो त्याच्या न वळणाऱ्या ट्रॅक्टरपासून पुन्हा सुरू झाला. तेव्हापासून माझा नियम आहे, लेकराच्या कामाला माझं बोट लागणार नाही.

मग करायचं काय? तीन प्रश्न पुरतात. तुला काय व्हायला पाहिजे होतं? आता काय होतंय? हे ब्लॉक वरून खाली मला वाचून दाखवतोस का? तिसऱ्या प्रश्नात निम्मी अडचण सुटते, कारण वाचताना लेकरू स्वतःच मध्ये थांबतं. प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. आमच्याकडं रेंज अशी की तुमचा प्रश्न तिकडं पोचायलाच वेळ लागतो, मग लेकरानं विचार करायचा, मग उत्तर परत यायचं. मी मनात वीसपर्यंत मोजतो. शहरातून आलेल्या एका मेंटर मॅडमना ही शांतता सहन व्हायची नाही, त्या लगेच पुढचं सांगायच्या. त्यांना मी म्हटलं, तेवढ्या वेळात पाणी प्या. त्यांनी खरोखरच तांब्या जवळ ठेवायला सुरुवात केली.

एका पोरीची शेळी सांगतो. तिच्या खेळात शेळी सोयाबीन खात पळते आणि आई मागं काठी घेऊन. शेळी उजव्या कडेला गेली की तिथंच अडकायची. मला "कडेला लागली की उलटी फीर" असा ब्लॉक माहीत होता, अगदी ओठांवर आला होता. तरी विचारलं, तुला काय व्हायला पाहिजे? ती म्हणाली, "काका, शेळी माघारी कशी फिरंल? आई मागं हाय ना. बांधाला वळसा घालून हिकडून निघाली पाहिजे." म्हणजे माझं उत्तर तिच्या गोष्टीत बसतच नव्हतं. मी एवढंच म्हटलं, शेळी पळताना तिच्याजवळ कुठला आकडा बदलतो ते बघ. स्क्रॅचचा मंच रुंदीला उणे २४० पासून २४० पर्यंत असतो. तिनं शेळी हातानं ओढत दोन्हीकडचे आकडे वहीत लिहिले आणि पुढच्या शुक्रवारी, २४० च्या पुढं गेली की उणे २४० वर आण, असं स्वतः जोडून आली. ऋण संख्या तिला शाळेत अजून शिकवलेल्या नव्हत्या. "उणे म्हणजे मधल्या बांधाच्या पल्याड," असं तिनंच मला समजावलं.

कौतुक करताना नुसतं "छान, मस्त" लिहू नका. चार दिवसांत लेकरांना त्याचा अर्थ उरत नाही. नेमकं एक बघा आणि त्यावर एक विचारा: "आईची काठी शेळीच्या जवळ आली की आवाज मोठा होतो, हे कसं सुचलं?" त्यांची बोली सुधारायला जाऊ नका. "हे चालंना", "दिसंना" असंच बोलू द्या, तसंच लिहू द्या. कोणी दुसऱ्याचं काम घेऊन त्यात बदल केला की गटात "कॉपी केली" म्हणून भांडण होतं. स्क्रॅचमध्ये त्याला रीमिक्स म्हणतात, ते चालतं आणि मूळ करणाऱ्याचं नाव आपोआप दिसतं. मी भांडणाऱ्या दोघांना भजनाचं सांगतो: चाल कोणाची ते आधी सांगायचं, मग आपल्या गळ्यानं म्हणायचं.

कधी कधी लेकराचं काम घरातल्या जुन्या दुखण्याला हात घालतं. किल्लारीकडच्या एका पुनर्वसित गावातला अकरा वर्षांचा मुलगा भूकंपाचा खेळ करत होता. घरं पडणार, खेळणाऱ्यानं माणसं बाहेर काढायची, एक माणूस काढला की दहा गुण. तो मोठ्या उत्साहानं दाखवत होता. मागं त्याची आजी बसली होती, ती उठून बाहेर गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी ३४ वर्षांचा होतो. त्यानंतरचे कितीतरी दिवस मी त्या भागात पडलेले खांब उभे करत होतो. मला बोलता येईना. दुसऱ्या मेंटरनं सांभाळून घेतलं, हे दोन माणसं ठेवण्याचं आणखी एक कारण.

त्या रात्री मी मुलाला काहीच बोललो नाही. त्याची चूक नव्हतीच. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडलांना फोन केला, जे पाहिलं ते सांगितलं आणि विचारलं, आजीची तयारी असेल तर मुलानं तिला त्या रात्रीचं विचारावं का? आजीनं आठवडाभर काही सांगितलं नाही. मग एका दुपारी स्वतःहून सांगायला लागली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून माणसं उशिरा येऊन झोपली होती. मुलानं खेळ मोडून गोष्ट केली. आधी मिरवणूक, लेझीम, मग घरं, मग काळा पडदा आणि नुसता आवाज. गुण काढून टाकले. आजी त्याला म्हणाली होती, "गुण कसले देतोस त्याला." अशा वेळी मेंटरनं विषय बदलायचा नाही आणि ओढायचाही नाही. घरच्यांना विचारायचं, आणि ते सांगतील तेवढंच.

दसरा-दिवाळीनंतर काही लेकरं यादीतून गायब होतात. घरचं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातं, लेकरू सोबत. उसाच्या फडात, कोपीत लाईट नाही, मोबाईल चार्ज करायला टपरीवर जावं लागतं. त्यांचं नाव काढू नका. स्क्रॅच इंटरनेटशिवायही चालतं, कोणाकडं जुना लॅपटॉप असेल तर जाण्याआधी त्यात घालून द्या. नसेल तर गटात महिन्याला एकदा आवाजातला निरोप टाका, रेंज मिळाली की ते ऐकतात. आणि त्यांचं अर्धवट राहिलेलं काम दुसऱ्या कोणाला पुरं करायला देऊ नका. एका मुलाची विहीर पाच महिने अर्धी खणलेली तशीच होती. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, पाडव्याच्या सुमाराला घरचे परत आले, आणि त्यानं पहिल्या संध्याकाळी विचारलं, "माझी हीर हाय का?" होती.

एक गोष्ट अवघड आहे, पण टाळता येत नाही. लेकरू विश्वासानं असं काही सांगतं की पोटात गोळा येतो. एका मुलीनं सहज सांगितलं, "पुढच्या महिन्यात मी नाही काका, ताईचं लगीन हाय." ताई दहावीत होती. अशा वेळी "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "मला सांगितलंस ते बरं केलंस, आता मोठी माणसं मिळून बघू," एवढं म्हणा. खोदून खोदून विचारू नका. कॉल संपला की लेकराच्याच शब्दांत लिहून काढा आणि त्याच रात्री समन्वयकांना कळवा. २००६ च्या कायद्यानं मुलीचं लग्न १८ च्या आधी करता येत नाही, आणि ते थांबवायची जबाबदारी गावात ग्रामसेवकावर (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) असते. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर दिवसरात्र चालू असतो. लैंगिक अत्याचाराचा नुसता सुगावा लागला तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. घरच्यांशी परस्पर बोलून सोडवायला जाऊ नका, त्यात सांगणारं लेकरू उघडं पडतं. त्या ताईच्या घरी पुढं काय झालं ते मी इथं लिहिणार नाही. ते त्या घराचं आहे.

सोडायची वेळ आली तर महिनाभर आधी सांगा. मागच्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तीन आठवडे येणार नाही हे मी आधी चार कॉलवर सांगितलं, नव्या मेंटरला सोबत बसवलं, कोणाचं काय अडलंय ते त्यांना लेकरांसमोरच समजावून दिलं. परमिट ज्यानं घेतलं त्यानंच परत करायचं असतं, तोवर लाईन चालू होत नाही.

आणि एक वही करा. कॉल संपल्यावर पाच मिनिटं: कोण आलं, कोणाचं काय अडलं, मी कोणाला काय कबूल केलं. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण लेकरू ते विसरत नाही. परवाच्या शुक्रवारच्या पानावर माझ्या वहीत आहे: विहिरीत पाणी वर चढताना दिसायला पाहिजे, तो स्वतः बघतोय, सांगायचं नाही. निलंग्याच्या दोघी बहिणी, पुढचा आठवडा रात्रपाळी, शेजारी विचारणे. शेळीला तहान लागते का, असं धाकट्या भावानं विचारलं. शेळीवाल्या पोरीला मंगळवारी विचारायचं.